भाऊजींनी चार्ज दिला

माझे भाऊजी इंग्रज आहेत. नुसते इंग्रज नाहीत, इंग्लंडच्या सरकारचे निवृत्त राजदूत आहेत. आणि मी त्यांच्यावर रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, ही बाई आता हळूहळू तापणार आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळी होणार. तसलं काही होणार नाही. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. रागावणं हा नोकरीचा भाग होता, आणि निवृत्त झाले तेव्हा पेन्शनसोबत तेवढी एक सवय घरी आली.

आमचं घर भंडाऱ्याजवळच्या शहापूरला, हायवेपासून थोडं आत. मी, मुलगा आणि सून. मुलगा रोज मोटारसायकलने वरठीच्या कारखान्यात जातो. मागच्या हिवाळ्यात, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या आणि त्यात लाखोळीच्या डाळीचं पीक वर येत होतं, त्या दिवसांत नागपूरच्या विमानतळावरून आलेली एक भाड्याची गाडी आमच्या अंगणात थांबली. समोरून भाऊजी उतरले. उंच, जरासे वाकलेले, पांढरे केस नीट बसवलेले, एवढ्या प्रवासानंतरही शर्टाची घडी मोडलेली नाही. त्यांनी मागचं दार उघडून हात दिला. माझी ताई उतरली.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला ओळखलं की नाही कोण जाणे, पण ती माझ्याशी बोलली. "काहून वो बाई, एवढा उशीर केला? माय कुठी हाय?"

माय जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी काही बोलायच्या आत भाऊजींनी वाकून मला इंग्रजीत विचारलं, "ती काय म्हणतेय?"

हा प्रश्न पुढच्या दिवसांत मी इतक्यांदा ऐकला की झोपेतही उत्तरं देऊ लागले. ती पाणी मागतेय. ती विचारतेय गाय बांधली का. ती म्हणतेय थंडी वाजतेय. भाऊजी मान हलवायचे, "अच्छा" अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटायचे, आणि पुन्हा पेपर उघडायचे. बायकोचं बोलणं त्यांना मेव्हणीकडून कळत होतं. लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झालेल्या माणसाला.

हे लग्न कसं झालं ते सांगते. आमचे बाबा रेल्वेत गँगमन होते, वरठीच्या स्टेशनावर. ताई आमच्या वस्तीतली पहिली नर्स. नागपूरला शिकली आणि दिल्लीच्या एका दवाखान्यात लागली. तिथं इंग्लंडच्या वकिलातीतला एक तरुण अधिकारी कावीळ होऊन भरती झाला. कावीळ उतरली, पण साहेबाच्या डोक्यातून ताई काही उतरली नाही. वर्षभरात तो बाबांसमोर येऊन बसला, आमच्या घरात होती त्या एकुलत्या एका खुर्चीवर, आणि दुभाष्याकरवी म्हणाला की मला तुमची मुलगी द्या. बाबा त्या वेळी बाजेवर बसले होते ते उठून उभे राहिले. जावई खुर्चीवर आणि सासरा उभा, हे दृश्य तेव्हापासून सुरू झालं.

लग्न वस्तीतल्या विहारात लागलं. भाऊजींनी त्रिसरण-पंचशील इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलं, एका संध्याकाळी पाठ केलं आणि दुसऱ्या दिवशी न अडखळता म्हटलं. लोक चाट पडले. "जावाई लय हुशार हाय," बाबा ज्याला त्याला सांगत सुटले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. एका संध्याकाळीत. पाली भाषा.

धम्म घेतला तेव्हा आमच्या घराण्यानं पुष्कळ गोष्टी सोडल्या. नवस सोडले, अंगात येणं सोडलं, गावाची मेलेली ढोरं ओढणं सोडलं. जावयाला डोक्यावर बसवणं तेवढं सोडायचं राहिलं. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं म्हणतात लोक, आणि ग्रह मानत नाही म्हणणारे आम्ही हा एक ग्रह गुपचूप पुजत राहिलो. जावयासमोर आवाज चढवायचा नाही. जावई म्हणेल त्याला नाही म्हणायचं नाही. त्याच्या ताटात आधी, मग बाकीच्यांच्या. त्यात आमचा जावई असा, की ज्याला पगारच आवाज न चढवण्याचा मिळत होता. इकडून आदर, तिकडून आदर. मधोमध ताई उभी, आणि तिला कुणी काही विचारलंच नाही.

भाऊजींची नोकरी बदल्यांची. दोन-तीन वर्षं झाली की देश बदलायचा. पहिल्यांदा एका अरब देशात नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या सरकारनं त्यांना अख्खं वर्षभर फक्त अरबी शिकायला पाठवलं. पुढे तुर्कस्तानात गेले, तुर्की शिकले. आफ्रिकेतल्या एका देशासाठी पोर्तुगीज शिकले. सुटीत भंडाऱ्याला आले की जेवताना आम्हाला गंमत म्हणून त्या त्या भाषेत "मीठ द्या" म्हणून दाखवायचे. आम्ही हसायचो. मीठ सरकवायचो. मराठीत "मीठ" कसं म्हणतात हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि आम्हीही जावयाला कशाला तोशीस म्हणून सांगितलं नाही.

शेवटी ते एका छोट्या देशात राजदूत झाले. निवृत्तीच्या आधी राणीच्या हातून पदक मिळालं. त्याचा फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींच्या खाली. भाऊजी पदक लावून, शेजारी ताई निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत. फोटोत ती हसतेय. ते हसू तिचं नव्हतं. आमच्या घरात कुणीच तोंड मिटून हसत नाही.

ताईनं नर्सची नोकरी लग्नानंतर लगेच सोडली. तसा काही नियम होता की नुसती पद्धत, मला माहीत नाही. भाऊजी म्हणाले, "तसं करत नाहीत," आणि विषय मिटला. एकदा सुटीत आली असताना मी तिला विचारलं, तुला दवाखान्याची आठवण येत नाही का, तर म्हणाली, "माही ड्युटी आता एकाच वार्डात हाय वो. दिवानखान्यात." आणि मोठ्यानं हसली, दात दाखवून.

त्याच सुटीत ती आमच्या छपरीत, दारापुढच्या पडवीत, कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती. पावलं सुजलेली, टाचांना घट्टे पडलेले. वस्तीत राबणाऱ्या बायकांच्या पायांना भेगा असतात. राजदूताच्या बायकोचे पाय असे कशानं झाले म्हणून मी विचारलं. ती सांगू लागली. मेजवानी असली की दाराशी उभं राहायचं, उंच टाचांचे बूट घालून. कोण आत येतोय त्याचं नाव भाऊजींच्या कानात सांगायचं, कारण नावं त्यांच्या लक्षात राहत नसत आणि ताईच्या राहत. मग सगळ्यांमधून फिरायचं, हसायचं. शेवटचा माणूस जाईपर्यंत बसायचं नाही. "मंग फाटक लागलं का मी याइले इचारतो, गेले का सारे? हे हो म्हनले का तिथंच, त्या संगमरवरी जिन्यावर, बसाचं आन बूट काढून फेकाचे. अवं, त्यावानी सुख नाई." तिचं हे बोलणं ऐकताना मायही हसली होती. मला हसू आलं नव्हतं. पण मी तरी काय बोलले? काही नाही. जावयाचा विषय.

निवृत्तीनंतर ते इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहू लागले. मूलबाळ नव्हतं. भाऊजींनी गुलाब लावले, कुठल्या कुठल्या मंडळांचे अध्यक्ष झाले, ठिकठिकाणी भाषणं द्यायला जाऊ लागले. ताई सोबत. आणि एका समारंभात तिनं कानात नाव सांगितलं नाही. भाऊजींनी मान तिरकी करून वाट पाहिली, समोरचा माणूस हात पुढं करून उभा, आणि ताई नुसती हसत राहिली. तिच्या विसरण्याचा पहिला पत्ता भाऊजींना असा लागला. गैरसोय झाली तेव्हा.

मग इंग्रजी गेली. आधी मोठे शब्द गेले, मग छोटे. शेवटी शहापूरची बोली तेवढी उरली, आणि त्या घरात ती समजणारं कुणी नव्हतं. त्या अवस्थेत भाऊजींनी तिला एकट्यानं काही वर्षं सांभाळलं. अंघोळ घातली, भरवलं, रात्री उठून दारं लावली. त्यांचं स्वतःचं हृदय तोवर दुखणाईत झालं होतं. हे त्यांच्या बाजूचं आहे. खरं आहे म्हणून लिहिलं. माझा राग त्यानं कमी होत नाही.

तर ताई आली. पहिल्याच दिवशी भांडण झालं ते बुटांवरून. बंदांचे, मऊ तळव्यांचे काळे बूट भाऊजींनी तिला घेऊन दिले होते. आमच्याकडे चपला दाराबाहेर राहतात. ताई बूट घालून घरात शिरली ती शिरलीच. मी खाली वाकून बंद सोडायला गेले तर तिनं पाय मागे ओढला, चेहरा कावराबावरा झाला आणि ती माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "काय करून राह्यली? पाव्हने हायेत ना वो अजून!"

मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. सून चुलीपाशी होती आणि भाऊजी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. "काय म्हणतेय ती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाहुणे आहेत म्हणतेय. ते म्हणाले, हो, हे अधूनमधून होतं तिला. आणि पान उलटलं.

रोज हेच. दिवसभर बूट पायात. पावलं सुजून बुटाच्या कडेवर येत. रात्री तिला गाढ झोप लागली की भाऊजी येऊन हळूच बूट काढायचे आणि सकाळी ती उठायच्या आत घालून बंद बांधायचे. मला ते पाहवत नसे. सूनबाई म्हणाली, "आई, राहू द्या ना. कोनाले काय त्रास हाय?" मी तिलाही ओरडले. त्या दिवसांत मी सगळ्यांनाच ओरडत होते, फक्त ज्याला ओरडायचं त्याला सोडून.

इथल्या एका शाळेला कळलं की राजदूत गावात आलेत. सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, फलकावर रंगीत खडूच्या अक्षरांत "संवाद आणि जागतिक शांतता". मी ताईला घेऊन पहिल्या रांगेत बसले. भाऊजी उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार!" सभागृह टाळ्यांनी दणाणलं. एवढा एक शब्द त्यांना येतो. भारतातल्या प्रत्येक भाषणाची सुरुवात त्यांनी या शब्दानं केली आहे आणि प्रत्येक वेळी टाळ्या घेतल्या आहेत. आपल्या लोकांना काय, गोऱ्या माणसानं नमस्कार म्हटलं की जन्माचं सार्थक होतं.

पुढचं इंग्रजीत. एक शिक्षक एकेक वाक्य मराठीत सांगत होते. भाऊजी बोलतात छान, ते नाकारत नाही. म्हणाले, मुत्सद्द्याचं काम बोलण्याचं नसतं, ऐकण्याचं असतं. समोरच्या माणसाला त्याच्या भाषेत ऐकून घेतलं की निम्मा तह तिथंच होतो. म्हणून मुलांनो, ज्याच्याबरोबर आयुष्य काढायचं आहे त्या शेजाऱ्याची भाषा शिका. निदान शंभर शब्द तरी शिका.

त्याच क्षणी ताई खणखणीत आवाजात म्हणाली, "मले पानी पाह्यजे."

भाऊजी थांबले. हसले. आणि व्यासपीठावरून त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. काय म्हणतेय?

लोकांना वाटलं, किती हा प्रेमळ नवरा, भाषण थांबवून बायकोची चौकशी करतोय. पुन्हा टाळ्या. मी बाटली उघडून ताईच्या तोंडाला लावली. पानी! अंगणवाडीतलं पोर शिकतं हा शब्द. तान्हं बाळ नुसतं रडून मागतं तरी आईला कळतं. या माणसाला अरबीत तह करता येतो, आणि बायकोला तहान लागली हे त्याला दुभाष्यावाचून कळत नाही. त्या सभागृहात मी उठून हे बोलायला हवं होतं. पण तिथं अध्यक्ष होते, पाहुणे होते, शाल होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी मला छपरीत बसायला सांगितलं. माझ्याच घरात मला. स्वतः समोर बसले, चष्मा पुसला आणि सुरू झाले. आधी मला कळेना काय चाललंय. मग ध्यानात आलं. चार्ज देतायत.

मी शाळेत किती वेळा चार्ज घेतला आणि दिला आहे. बाकं मोजायची, नकाशे मोजायचे, घंटा ताब्यात घ्यायची. भाऊजींच्या नोकरीतही बदली झाली की जाणारा साहेब येणाऱ्याला समजावून सांगत असे, इथं कोण भरवशाचा, कोण लवकर चिडतो, कोणत्या विषयाला हात लावायचा नाही. तशाच आवाजात, तशाच क्रमानं त्यांनी मला माझी बहीण समजावून सांगितली. सकाळी टोस्ट आणि मुरंबा, तिखट तिला सोसत नाही. काटा-चमचा जमत नाही, त्यामुळे जेवण भरवावं लागतं. दुपारी हळू आवाजात संगीत. बूट काढण्याचा आग्रह करू नये. "संध्याकाळी ती फार अस्वस्थ होते. दाराशी जाते, तेच तेच बोलते. कारण समजलेलं नाही."

कारण समजलेलं नाही! संध्याकाळी ती दाराशी जाऊन विचारते, "बाबा ड्युटीवरून आले का?" बाबा लाइनीवर जायचे तेव्हा आम्ही पोरी दिवेलागणीला अशाच दाराशी उभ्या राहायचो. मी सांगते, "आले. पाय धुऊन राह्यले," आणि ती शांत होते. आणि टोस्ट? आल्यापासून ती तळ्याची मासोळी आणि भात हातानं कालवून खात होती, काटे स्वतः काढत होती, बोटं चाटत होती. भाऊजी त्याच पंगतीला बसून हे बघत होते. पण चार्ज देताना जुनंच सांगितलं. वरिष्ठांना असंच असतं, एकदा मत झालं की झालं.

मी विचारलं, "हे सगळं मला का सांगता?"

"मी परवा परत जातोय," ते म्हणाले. "डॉक्टरांना तब्येत दाखवायची आहे. आणि खरं सांगायचं तर, तिला माझा तिथं उपयोग नाही आणि इथंही नाही. इथं ती आनंदात आहे. मी दर हिवाळ्यात येत जाईन."

ताई माझ्याकडे राहणार याचं मला ओझं नव्हतं. ती माझी बहीण आहे, तिला मी मरेपर्यंत ठेवीन. पण तिचं सगळं आयुष्य याच्या बदल्यांच्या मागे गेलं. सामान बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. आता याची शेवटची बदली, आणि या वेळी तेवढी ती सामानात नाही. मला हवं होतं ते एवढंच, की हा माणूस जाऊ नये. तिनं त्याच्यासाठी जेवढे देश काढले त्यातला एक देश त्यानं तिच्यासाठी काढावा.

"भाऊजी, अरबी किती दिवसांत शिकलात?"

"एक वर्ष लागलं. पण तेव्हा मी तरुण होतो."

"आणि ताई काय तेव्हा म्हातारी होती?"

त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे म्हणायचं आणि आपलं तेच करायचं. माठातल्या पाण्यासारखं थंडगार. भांडायलाही माणूस हाती लागत नाही.

त्या रात्रीच्या जेवणाला सानगडीहून आमचे काका आले. बाबांचे धाकटे भाऊ, घरात आता तेच मोठे. जावयाला निरोप द्यायला, कोंबडा घेऊन. पाटावर भाऊजी, शेजारी काका, पलीकडे ताई बूट घालूनच मांडी घालायचा प्रयत्न करत होती. काका हात जोडून म्हणाले, "जावाईबापू, तुमी काई काळजी नका करू. पोरगी आमची हाय. आमी पाहून घेऊ." आणि मला म्हणाले, सांग यांना इंग्रजीत.

तिथं माझा बांध फुटला. मी हातातली पळी भांड्यात आदळली. "नाही सांगत. काका, कायले हात जोडता? बाबा उभे राहिले या माणसासमोर, तुम्ही हात जोडता. त्यानं ताईचा दवाखाना सोडवला, तिच्या पायाचं वाटोळं केलं, आणि आता परत करायला आलाय, वापरून झालेलं भांडं आणून द्यावं तसं. आणि आपण कोंबडा कापतो!"

"अवं बाई," काका दबक्या आवाजात म्हणाले, "जावाई होय ना तो! जावायाले असं बोलत असते काय?"

"कोणीच बोललं नाही म्हणून तर ही वेळ आली," मी म्हटलं. आणि मग ते सगळं इंग्रजीत म्हटलं, कारण माझा रागसुद्धा या माणसाला दुभाष्यावाचून कळत नाही. माझ्या रागाचा दुभाषा मीच. शेवटी म्हटलं, "जाऊ नका. राहा इथं. मी शिकवते तुम्हाला. दुसरं काय केलंय मी जन्मभर? सहा महिन्यांत तिच्याशी बोलू लागाल."

सूनबाई दारात थिजली होती. भाऊजींनी घास खाली ठेवला. मला वाटलं, आता रास्त आहे म्हणणार. ते म्हणाले, "शिकलो, तर ती माझ्याबद्दल काय म्हणते ते मला समजेल."

मला ते उत्तर तेव्हा पळवाट वाटलं. नंतर कळलं, तेवढंच एक वाक्य ते मुत्सद्दीपणा न करता बोलले होते. त्यांची दया आली मला, आणि दया आली याचा वेगळा राग आला. ताई भात कालवत म्हणाली, "कोंबडा बेस झाला हाय." भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली.

जायच्या दिवशी सकाळी गाडी आली. भाऊजी अंघोळ करून, कोट घालून तयार. ताईला खुर्चीवर बसवून ते छपरीच्या फरशीवर गुडघे टेकून बसले. वय झालेलं, गुडघा टेकताना तोंडातून आवाज निघाला. त्यांनी तिच्या बुटांचे बंद बांधले, ओढून, नीट. मग काठीला धरून उठले. सामान गाडीत गेलं.

ताई आपण होऊन उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. पदर सारखा केला. पाठ ताठ. चेहऱ्यावर तेच, भिंतीवरच्या फोटोतलं, तोंड मिटलेलं हसू. मला वाटलं, आता तरी ती याला ओळखेल. जाताना माणूस ओळखू येतो म्हणतात.

ती माझ्याकडे झुकली आणि कानात म्हणाली, "लय उशीर झाला वो याइले. घरी बायको वाट पाहून राह्यली असन. जाऊ दे आता, नोको थांबवू."

भाऊजी पायरीवर थांबले होते. "काय म्हणतेय ती?"

एवढे दिवस मी त्यांना गाळून, गोड करून सांगत आले होते. तिनं शिवी दिली तरी मी "थकलीय म्हणते" असं सांगत असे. या वेळी मी काही गाळलं नाही. म्हटलं, "ती म्हणतेय, या गृहस्थांना फार उशीर झालाय. घरी त्यांची बायको वाट पाहत असेल. त्यांना आता थांबवू नका."

त्यांचा चेहरा बदलला नाही. त्यांना ते येतंच नसावं. फक्त काठीवरचा हात एकदा सुटला आणि पुन्हा घट्ट बसला. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिला काहीतरी सांगायचं होतं, तिच्या भाषेत, आणि एवढ्या वर्षांत जमवलेला एकच शब्द त्यांच्याकडे होता. त्यांनी हात जोडले. "नमस्कार," ते म्हणाले.

"जय भीम, साहेब," ताई अदबीनं म्हणाली. "येजा कधी."

गाडी अंगणातून निघाली. मी आत जाणार होते, बघायचंच नव्हतं मला. पण ताई हात हलवत उभी होती, मनगटातून, हळूहळू, शिकवल्यासारखी. गाडी हायवेला लागून दिसेनाशी होईपर्यंत ती हलली नाही. मग हात खाली आला. खांदे खाली आले. ती भिंतीला धरून माझ्याकडे वळली. "गेले का वो सारे?"

"गेले," मी म्हटलं.

ती तिथंच दाराच्या पायरीवर बसली आणि दोन्ही पाय माझ्यापुढे केले. "मंग आता बूट काढू का?"

मी खाली बसले आणि बंद सोडायला घेतले. गाठी भाऊजींनी मारलेल्या होत्या, दुहेरी, तिचा पाय अडखळू नये म्हणून. सुटता सुटेनात.